ऑइलमध्ये आउटडोअर लँडस्केप: आधी चाळीस फळ्या, मग कॉलेज

पत्र: माझी मुलगी सोलापुरात अकरावी सायन्सला आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड मिळाली. जलरंगात तिचा हात चांगला आहे. आता तिला बाहेर बसून ऑइलमध्ये, म्हणजे तैलरंगात, लँडस्केप करायचं आहे. संभाजी तलावावर दोनदा बसली, दोन्ही वेळा सगळा रंग चिखल झाला आणि ओलं चित्र स्कूटरवर पुसलं गेलं. कोणता कोर्स करावा? यावर पोट भरेल का? – एक पालक, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

चिखलाचं आधी बोलतो, कारण त्यात तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. जलरंगात आपण उजळाकडून गडदाकडे जातो आणि पांढरा म्हणजे सोडलेला कागद. ऑइलमध्ये हे उलटं चालतं. सावल्या आधी, टर्पेंटाइनने पातळ करून. उजेड शेवटी, जाड, आणि त्यात पांढरा मिसळून. मुलीने बहुधा आकाश आधी भरलं असेल आणि ओल्या पांढऱ्यावर झाडांच्या सावल्या ओढल्या असतील. पांढरा शिरला की सावली खडूसारखी होते. मग ती गडद करायला आणखी रंग, आणखी ब्रश, आणि चिखल तयार. तिच्या हातात खोट नाही, क्रम उलटा आहे.

दुसरं कारण कंजुषी. ट्यूब महाग म्हणून मुलं टिकलीएवढा रंग काढतात आणि टर्पेंटाइनने पुरवून पुरवून वापरतात. 8 बाय 10 इंचाच्या चित्राला पांढरा मोठ्या बोराएवढा आणि बाकीचे शेंगदाण्याएवढे काढायला सांगा. रंग सातच पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एखादा लाल, क्रिमझन, अल्ट्रामरीन. हिरवी ट्यूब पहिल्या वर्षी घेऊच नका. आपल्याकडचा कडुनिंब ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून निघतो. ट्यूबमधला हिरवा सोलापूरच्या धुळीत कुठेच दिसत नाही. काळी जमीनसुद्धा उन्हात काळी नसते. अल्ट्रामरीन, सिएना आणि बराच पांढरा मिसळून जो जांभळट राखाडी होतो, तो तिच्या जवळ जातो. तेल मात्र चित्रकारांसाठी शुद्ध केलेलं लिनसीड, म्हणजे जवसाचं तेलच घ्या. घाण्यावरचं लवकर पिवळं पडतं.

सराव महागड्या कॅनव्हासवर करू नका. 3 मिमी एमडीएफची 8 बाय 4 फुटांची शीट सुताराकडून 8 बाय 10 इंचांत कापून घेतली, तर करवतीची झीज धरूनही 45 फळ्या निघतात. पुढून जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मागून एक, नाहीतर फळी वाकते. वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासायचं. मग बर्न्ट सिएना रंगाचा पातळ ॲक्रिलिक हात. पांढरी फळी उन्हात डोळे दिपवते आणि त्यावर लावलेला प्रत्येक रंग खरा आहे त्यापेक्षा गडद वाटतो.

दर रविवारी एक फळी. लग्नं, परीक्षा, आजारपण वजा जाता वर्षात चाळीस होतात. पहिल्या दहा फक्त सिएना, अल्ट्रामरीन आणि पांढऱ्यात, म्हणजे टोन, उजेड-गडदाची पातळी, कळतो. प्रत्येक फळीआधी पेन्सिलने 2 बाय 3 इंचाचं तीन टोनचं स्केच, पाच मिनिटांत. चित्राला दीड तास, फार तर दोन. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, त्यामुळे सावल्या सुरुवातीलाच ठरवून टाकायच्या आणि नंतर त्यांच्या मागे धावायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी 7 ते 9 हा आपल्याकडचा सोन्याचा वेळ. मंगळवेढ्याकडे ज्वारी उभी असते तेव्हा एखादा रविवार तिकडे काढावाच. एप्रिल-मेमध्ये साडेआठला आवरतं घ्यायचं. फळी आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत, छत्री पांढरी किंवा करडी. रंगीत छत्री पॅलेटवर आपलाच रंग सांडते. वारा असेल तर स्टँडखाली दगडांची पिशवी टांगा. ओल्या रंगावर माती बसली तर पुसू नका, वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटका.

स्कूटरचा प्रश्न सोपा आहे. दोन फळ्या समोरासमोर, चारही कोपऱ्यांत बुचाचे अर्धा सेंटिमीटर जाड तुकडे, बाहेरून दोन रबर. धोक्याची एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. लिनसीड लागलेल्या चिंध्या बोळा करून ठेवल्या की आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. चिंध्या पाण्याच्या डब्यात टाका किंवा पसरून वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन तलावाकाठी ओतायचं नाही, बाटलीत राहू द्यायचं. गाळ बसला की वरचं पुन्हा चालतं. एकटीने आडबाजूला बसू नये, सोबत कुणी चित्र काढणारं असावं. सोलापूरच्या किल्ल्याच्या आत स्टँड लावायचं असेल तर आधी विचारून घ्या.

आता कोर्स. बारावीनंतर बी.एफ.ए. पेंटिंग, म्हणजे चित्रकलेची पदवी, चार वर्षं, कोणत्याही शाखेतून चालतं. त्यासाठी राज्याची चित्रकलेच्या पदवीची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे तिचे भाग. मुंबईचं सर जे. जे. 2023 पासून अभिमत विद्यापीठ आहे, त्याची प्रवेशसूचना वेगळी पाहा. पण एक गैरसमज नको: कॉलेजमध्ये तिला रेखाटन, मानवाकृती, रचना मिळेल. बाहेर बसून ऑइल करण्याचा सराव तिथेही बराचसा तिला स्वतःच करावा लागेल, कारण निसर्गचित्र बहुतेक ठिकाणी जलरंगात करून घेतात. जवळचं पाहायचं तर कोल्हापूरला जाऊन या. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे, तिथे त्यांची निसर्गचित्रं जवळून बघता येतात. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांच्यापासून रंकाळ्यावर बसून चित्र काढण्याची तिथे परंपरा आहे.

पोटाचं स्पष्ट सांगतो. नुसत्या लँडस्केपवर सुरुवातीची काही वर्षं घर चालेल असं धरू नका. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून शाळेत शिकवणं, खाजगी क्लास, व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी, यांतलं एक हाताशी असावं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, त्यावर भिस्त नको. राज्य कला प्रदर्शनाचा विद्यार्थी विभाग आणि 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, इथे मात्र कॉलेजात गेल्यापासूनच चित्रं पाठवावीत.

चाळीस फळ्या झाल्या की तारखेनिहाय भिंतीला ओळीने लावा. शेवटच्या दहांत सावल्या स्वच्छ असतील आणि उन्हाळ्यातले रविवारही चुकलेले नसतील, तर बी.एफ.ए.चा फॉर्म भरा. फळ्या बारावरच थांबल्या असतील तर तिला न रागावता विचारा, की कंटाळा चित्राचा आला की उन्हाचा. चित्राचा नसेल तर अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरात आणि छपाईसाठीची चित्रकला, पाहा. तिथेही तीच सीईटी लागते.