लकव्यानंतर बाबांचा हात आपोआप झटके मारतो, शुद्ध मात्र असते. हे काय?
ही बहुधा फिटच आहे. शुद्ध असतानाही फिट येते. लकव्यात मेंदूच्या बाहेरच्या थरातला हालचालीचा भाग दुखावला की व्रणाभोवतीच्या पेशी मधूनच बेलगाम विद्युतसंदेश सोडतात. त्या थरात अंगठा आणि तोंडाचा कोपरा यांना मोठी जागा असते, म्हणून झटके बरेचदा तिथून सुरू होऊन दंडाकडे चढतात. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, वेळ मोजा, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कांदा-चप्पल हुंगवू नका, हात दाबून धरू नका. ५ मिनिटांत थांबले नाही तर थेट १०८. फिटच्या गोळ्या मनानं कधीच बंद करू नका, फिट जोरात उलटते. मात्र हात नाचल्यासारखा वेडावाकडा फिरत असेल तर बिघाड बहुधा मेंदूत आणखी खोल असतो. दोन्ही प्रकारांत वाढलेली साखर कारण असू शकते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रातच आधी तपासा, मग सेवाग्रामचं रुग्णालय किंवा नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज.