फावडं परत करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेस्ट व्हर्जिनियात घराबरोबर नऊ एकर रान आलंय, त्यातल्या उतारावर लाल फळांच्या झुबक्याची सोळा झाडं सापडलीत आणि शेजाऱ्याने ती जिनसेंगची, म्हणजे चीनमध्ये औषधी म्हणून मोल असलेल्या मुळीची, असल्याचं सांगितलंय. तुम्ही बागकामाचं मोठं फावडं मागवलंय आणि आता १ सप्टेंबरची, म्हणजे काढणीचा मोसम उघडायची, वाट बघताय. त्यातल्या दोन मुळ्या पुण्याला बाबांना पाठवायचा विचार आहे.

फावडं परत करा, अजून बिल असेल तर. रुंद पात्याचं फावडं एका दणक्यात जमिनीचं ढेकूळ उचलतं. त्या ढेकळात मुळीचा अर्धा भाग येतो आणि अर्धा खालीच तुटून राहतो. या रानात माती कमी, दगड आणि मेपलची मुळं जास्त. तिथे फावड्यावर पाय दिलात की ते नेमकं कुठे घसरेल ते तुमच्या हातात राहत नाही.

मी या राज्यात एकोणीस वर्षं आहे आणि चौदा मोसम हे काम केलंय. शिकवलं ते खाणीतून निवृत्त झालेल्या शेजारच्या आजोबांनी. इथली जुनी माणसं जिनसेंगला नुसतं 'सँग' म्हणतात. आजोबांचं हत्यार म्हणजे 'सँग हो'. आपल्या छोट्या कुदळीसारखं दिसतं, पातं दोन बोटं रुंद आणि दांडा जवळजवळ कमरेपर्यंत. चढताना तीच काठी, पाचोळा बाजूला सारायला आणि साप आहे का बघायला तीच, खणायलाही तीच. सप्टेंबरात इथे कॉपरहेड आणि रॅटलस्नेक दोन्ही बाहेर असतात, म्हणून पाचोळ्यात आधी दांडा आणि मग हात, हा क्रम मोडू नका. अशी कुदळ दुकानात सहज मिळत नाही. लोक जुन्या कुदळीचं पातं कापून अरुंद करतात किंवा मोटारीच्या पाट्याचा तुकडा लोहाराकडून वळवून घेतात.

तुम्हाला सोळा झाडांसाठी एवढं करायची गरज नाही. फूट-दीड फूट लांबीचा जाडजूड चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या, जुना आणि बोथट असेल तर उत्तम. झाडांची आडवी मुळं कापायला एक छाटणीची कात्री ठेवा. तिसरी वस्तू म्हणजे बोटभर जाडीची, टोक तासलेली लाकडी काडी. धातू दगडातली माती मोकळी करायला. मुळीपासून दोन बोटांच्या आत आलात की तो खाली ठेवायचा आणि काडी नि बोटं वापरायची.

आता सुरुवात कुठून करायची, कारण सगळं बिघडतं ते इथेच. लहानपणी कोकणात आजी कणगर काढायची तेव्हा वेलाच्या बुडापासून हातभर लांब पहार मारून माती सैल करायची आणि मग हाताने उकरायची. ती सवय इथे अर्धीच उपयोगी पडते. लांबून सुरुवात करायची हे बरोबर. पण जिनसेंगची मुळी खोडाच्या बरोबर खाली सरळ गेलेली असेल हा भरवसा नाही. जमिनीखाली आधी एक बारीक, वाकडीतिकडी मान असते आणि तिच्या टोकाला खरी मुळी. उतारावरची माती वर्षानुवर्षं खाली सरकते, पाचोळा साचतो, दगड आडवा येतो, त्यामुळे मान कधी एका बाजूला वळते तर कधी चक्क आडवी होते. खोड इथे आणि मुळीचं पोट वीतभर पलीकडे, असं मी कितीदा पाहिलंय.

म्हणून आधी गुडघ्यावर बसा. खोडाभोवतीचा पाचोळा हाताने दूर करा, फेकू नका, नंतर पुन्हा पांघरायला लागतो. खोड जिथे मातीत शिरतं तिथली माती तर्जनीने हळूच चाळवा. बोटाला गाठीगाठींची, पेन्सिलीहून बारीक मान लागेल. ती कुठल्या दिशेला गेलीय तेवढंच बघायचं.

याच वेळी वयही मोजून घ्या. दर शरदात खोड गळतं आणि मानेवर एक वण ठेवून जातं, वर्षाला एक. चार वण म्हणजे झाड पाच वर्षांचं. निर्यातीसाठी केंद्राची अट किमान पाच वर्षांची आहे आणि आपल्या राज्यात त्याशिवाय झाडाला किमान तीन फांटे लागतात. फांटा म्हणजे इथल्या भाषेत 'प्राँग', खोडाच्या टोकाला एकाच जागेतून फुटलेला पाच पानांचा पंजा: तीन मोठी पानं, बुडाशी दोन चिमुकली. वण कमी भरले तर माती परत दाबा, पाचोळा ओढा आणि पुढे चला, झाडाला काही होत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर कायद्याचा आकडा मी पाळतच नाही, दहा वणांच्या खाली हात लावत नाही. पाच वर्षांची रानटी मुळी बहुतेक वेळा करंगळीएवढीही नसते, आणि ते झाड नुकतंच कुठे नीट फळायला लागलेलं असतं.

वय भरलं तर मानेच्या दिशेचा अंदाज घेऊन, खोडापासून किमान वीतभर अंतरावर, उताराच्या खालच्या बाजूने स्क्रू ड्रायव्हर तिरका खुपसा. खाली रेटायचा नाही, माती उचकटायची. मग थोडं सरकून पुन्हा. असं अर्धं वर्तुळ झालं की मुळीखालची माती पोकळ होते. मुळी फार खोल नसते, बहुधा अर्ध्या वितीच्या आत सापडते. इथून घाई नको. मुळीच्या खाली बोटं घालून माती काढत जा. मुळीला दोन-तीन पाय फुटलेले असतात, त्या पायांना तंतुमुळं असतात, आणि एखादा पाय नेमका दगडाच्या फटीत घुसलेला असतो. दगड काढा, पाय ओढू नका. मेपलचं मूळ आडवं आलं तर कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून तुकडा बाहेर काढा. मुळी स्वतःहून तळहातावर यायला हवी. खोड धरून ओढलंत तर मान तुटणार, आणि वय दाखवणारी मानच नसेल तर व्यापारी ती मुळी घेणार नाही.

माझी पहिली मुळी मी अशीच घालवली. आजोबा पलीकडच्या घळीत होते आणि मला दाखवायचं होतं की जमतंय. टिकावाचा एक घाव घातला, मानेखाली दोन इंचांवर खच्च आवाज आला. वरचा तुकडा तेवीस वणांचा होता. आजोबांनी तो मोजला आणि काही न बोलता कोंबासकट परत मातीत पुरला. वर कोंब शाबूत असेल तर असा तुकडा कधीकधी पुन्हा धरतो. त्या दिवसानंतर टिकाव गॅरेजमध्येच आहे.

एवढी नाजूक कारागिरी म्हणजे अमेरिकन हौस नव्हे. चीनच्या ईशान्येला चांगपाई पर्वतात मुळी शोधणारे जुने लोक झाड दिसलं की आधी त्याला तांब्याची नाणी बांधलेला लाल दोरा बांधतात, म्हणजे ते पळून जाणार नाही. मग हरणाच्या हाडाच्या अणकुचीदार काड्यांनी एकेक तंतुमूळ मोकळं करतात. हाड का, तर ते मुळीला लोखंडासारखं कापत नाही. मोठ्या मुळीला तासन् तास लागतात. काढल्यावर शेवाळात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून नेतात. माझी लाकडी काडी ही त्याचीच गरीब नक्कल. आणि शेवाळाची कल्पना जशीच्या तशी उचला: प्लास्टिकच्या पिशवीत मुळ्या घामेजतात, ओलसर शेवाळ घातलेली कापडी पिशवी बरी.

इथला धंदाही चीनच्याच मागणीवर उभा राहिला. १७१६ च्या सुमाराला मॉन्ट्रियलजवळ लाफितो नावाच्या जेझुइट पाद्र्याने ही अमेरिकन जात ओळखली, तीही चीनमधल्या दुसऱ्या जेझुइटाने लिहिलेलं वर्णन वाचून. १७८४ मध्ये न्यूयॉर्कहून चीनमधल्या कँटनला निघालेल्या 'एम्प्रेस ऑफ चायना' या जहाजात जवळपास तीस टन जिनसेंग होतं. आजही रानटी मुळी मुख्यतः हाँगकाँगच्या बाजारात जाते.

फळांचं मात्र विसरू नका. कायद्यानेही बी त्याच जागी लावावं लागतं. लाल पिकलेली फळं बोटाने चुरडा, प्रत्येकात बहुधा दोन बिया निघतात. काढलेल्या झाडाच्या आसपास, नखभर खोल, एकमेकींपासून वीतभर अंतरावर टोचा आणि वर पाचोळा. पुढच्या वसंतात काही उगवलं नाही म्हणून वैतागू नका. बी पहिलं वर्ष जमिनीत झोपून काढतं आणि त्यापुढच्या वसंतात वर येतं. तेव्हा त्याला फक्त तीन पानं असतात, थेट स्ट्रॉबेरीच्या रोपासारखी, म्हणून चालताना तुडवलं जातं. फळं हिरवी असतील तर झाड दोन आठवडे तसंच सोडा. मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, पण पानं ऑक्टोबरातच पिवळी होऊन गळतात, तेव्हा फार लांबवूही नका. त्या पिवळ्याची एक वेगळीच छटा असते, एकदा डोळ्यात बसली की शंभर पावलांवरून ओळखता येते.

धुणं आणि वाळवणं यात निम्मे लोक चुकतात. मुळीवर आडव्या, गडद, गोल रेघा असतात. खडकाळ जमिनीत वर्षानुवर्षं हळूहळू वाढल्याची ती खूण, आणि भाव ठरतो तो त्यांच्यावर. ब्रश लावून पांढरीशुभ्र केलीत तर ती शेतातल्या मुळीसारखी दिसायला लागते, आणि विस्कॉन्सिनच्या मॅरेथॉन काउंटीत सावलीच्या जाळ्याखाली पिकवलेल्या मुळीला रानटीच्या मानाने फारच कमी भाव मिळतो. बादलीत बुचकळून ढेकळं सुटली की पुरे. मग जाळीवर, एकमेकींना न लावता, वारा खेळत्या सावलीच्या खोलीत पसरा. ऊन नको, ओव्हन तर नकोच. एका पावसाळी आठवड्यात मला धीर धरवला नाही आणि मी ओव्हन अगदी मंद लावला. बाहेरून सुंदर वाळल्या, मोडून बघितल्या तर आत तपकिरी आणि पोकळ. ३५ अंशांच्या वर जाऊ न देता आठवडा-दोन आठवडे लागू देत. वाळलेली मुळी कडकन मोडते, वाकत असेल तर अजून ओल आहे आणि डब्यात बुरशी धरणार.

पैशांचं गणित आताच करून टाका, नाहीतर हिरमोड होईल. सुकी रानटी मुळी अलीकडे पौंडाला साधारण ५०० ते ८०० डॉलरच्या दरम्यान जाते, वर्षागणिक बदलतं. पण एका सुक्या पौंडाला दोनशेच्या पुढे मुळ्या लागतात, आणि सुकल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. तुमच्या सोळांपैकी काढण्याजोगी पाच-सहा निघाली, तरी हाती दहा-बारा ग्रॅम, म्हणजे दहा-वीस डॉलर. गॅस स्टेशनवर एकदा टाकी भरली की संपले. म्हणून माझा सल्ला: यंदा दोनच काढा, बाकीच्यांचं फक्त बी लावा. विकायच्या असतील तर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यालाच द्या. ३१ मार्चनंतरही माल घरात राहणार असेल तर वनविभागाकडून वजन करून पावती घ्यावी लागते. स्वतःच्या रानात तुम्हाला कुणाला विचारायला नको, पण कुंपणापलीकडे एक पाऊल टाकलंत तरी मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. सरकारी जंगलात आणि नॅशनल पार्कमध्ये बघा आणि परत या.

पुण्याच्या मुळ्यांबद्दल. अमेरिकन जिनसेंग १९७५ पासून साइटिस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. अख्खी किंवा कापलेली रानटी मुळी कुरिअरने देशाबाहेर पाठवायची तर कागदपत्रं लागतात, दोन मुळ्यांसाठी तो खटाटोप करू नका. पूड आणि गोळ्या त्या यादीत येत नाहीत. आणि बाबा रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, ही मुळी वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम कमी करते. अश्वगंधेला हल्ली 'इंडियन जिनसेंग' म्हणून विकतात, पण तिचं आणि हिचं काही नातं नाही, ती वांग्या-मिरचीच्या कुळातली.

एक शंका राहते. पाच पानांचा पंजा व्हर्जिनिया क्रीपरलाही असतो, आणि बकआय नावाच्या झाडाच्या रोपालाही. क्रीपरचा वेल असतो, त्याचा पंजा एकेकटा वेलावर फुटतो. जिनसेंगचे सगळे फांटे एकाच बिंदूतून निघतात आणि त्याच बिंदूतून फळांचा देठ सरळ वर येतो. खणण्याआधी त्या बिंदूचा जवळून काढलेला फोटो इथे टाका, बघून सांगतो.

आजोबा गेले, त्यांची कुदळ माझ्याकडे आहे. चार्ल्सटनकडे येणं झालं तर मोसमापुरती घेऊन जा. पातं ट्रकच्या पाट्याचं आहे, सहज वाकणार नाही, पण दांडा हिकरीच्या लाकडाचा आणि जुना आहे. तो दगडात अडकवून पहारीसारखा वापरू नका.