प्रोजेक्टची नेमणूक म्हणजे पीएचडीचा प्रवेश नव्हे

प्रश्न : सेंद्रिय रसायनशास्त्रात एमएस्सी झाले. गेट पात्र आहे, नेटची जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) थोडक्यात हुकली. पीएचडीसाठी चाळीसेक प्राध्यापकांना मेल केले (एक सोबत जोडला आहे), उत्तर नाही. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून ‘प्रोजेक्ट असोसिएट’च्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. घरच्यांना वाटतंय, पीएचडी लागली. जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : जरूर जा. फक्त पेढे एवढ्यात वाटू देऊ नकोस.

प्रोजेक्ट असोसिएटचं मानधन प्राध्यापकांना मिळालेल्या निधीतून येतं. प्रोजेक्ट संपला की नेमणूकही संपते. पीएचडीची जाहिरात, अर्ज आणि मुलाखत वेगळी. पाषाणच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत पदवी ‘एसीएसआयआर’ ही अकादमी देते आणि तिचे प्रवेश जानेवारी आणि ऑगस्ट अशा दोन सत्रांसाठी होतात. म्हणून मुलाखतीत संकोच न करता विचार : प्रोजेक्टची मुदत किती उरली आहे? स्वतःची फेलोशिप नसताना नोंदणी होऊ शकते का? आधीच्या असोसिएटपैकी कुणाची झाली? बाहेर पडल्यावर तिथल्या विद्यार्थ्यांसोबत चहा घे. खरी उत्तरं बहुधा तिथेच मिळतात.

नेट सोडू नकोस. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000, शिवाय घरभाडं. पण रकमेपेक्षा मोठी गोष्ट ही, की फेलोशिप तुझी असली की गाइडला तुझ्यासाठी पैसे शोधावे लागत नाहीत. दारं पटापट उघडतात ती त्यामुळे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गासाठी आहेत, मात्र त्यांना आधी पीएचडीची नोंदणी लागते.

आता तुझ्या मेलबद्दल. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च’ हे वाक्य त्या प्राध्यापकांनी त्या आठवड्यात कितीदा वाचलं असेल! वर, संशोधनाच्या विषयाची ओळ वेगळ्या फॉन्टमध्ये. कॉपी-पेस्ट लगेच कळतं गं. दहावी-बारावीचे टक्के कुणी विचारलेले नाहीत, आणि एमएस्सीचा प्रोजेक्ट तू एका ओळीत, तोही शेवटी उरकला आहेस.

खरं तर तिथूनच सुरुवात हवी. सुझुकी कपलिंगमध्ये (कार्बन-कार्बन बंध जोडणारी अभिक्रिया) पॅलॅडियमऐवजी निकेल वापरून पाहिलंस, यील्ड म्हणजे हाती आलेलं उत्पादन कमी आलं. का आलं असावं, तुझा अंदाज काय, हे दोन-तीन वाक्यांत लिही. मिश्रण वेगळं करायचा कॉलम स्वतः केलास की लॅब असिस्टंटने लावून दिला, रेणूची रचना सांगणारा एनएमआर स्वतः वाचता येतो का, हेही सांग; गाइडला नेमकं तेच हवं असतं. मग त्यांचा अलीकडचा एखादा पेपर वाचून त्यातली न कळलेली एक गोष्ट विचार. असे सात-आठ मेल पुरेत. एकाच विभागातल्या पाच जणांना एकाच दिवशी पाठवू नकोस, ते दुपारी एकत्र जेवतात.

प्राध्यापक निवडतानाही संस्थेच्या नावाला भुलू नकोस. त्यांच्याकडून गेल्या पाच-सहा वर्षांत किती विद्यार्थी प्रबंध पुरा करून बाहेर पडले आणि आता कुठे आहेत, हे ग्रुपच्या पानावर बघ. माजी विद्यार्थ्यांची यादीच नसेल, तर चौकशी कर.

मुलाखतीला एमएस्सीची प्रबंधिका आणि एनएमआरसारखे स्पेक्ट्रा सोबत ने. फळ्यावर मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रियेचे टप्पे, काढायला लावतात आणि प्रश्न बहुतेक तुझ्याच प्रोजेक्टमधून निघतात. ते कमी आलेलं यील्ड आधी नीट समजून घे.