‘हेम्पचीच गोळी आहे’ : एचएचसीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी शिपवर ए.बी. (डेकवरचा अनुभवी खलाशी) आहे, पुढच्या महिन्यात जॉइनिंग आहे. बँकॉकहून आलेल्या मित्राने एचएचसीच्या गमीचे (चघळायच्या मऊ गोड गोळ्यांचे) पाकीट दिले. त्यावर ‘हेम्पपासून बनवलेले, डेल्टा-९ टीएचसी शून्य’ असे छापले आहे. म्हणजे हा गांजा नव्हे ना? मेडिकलच्या युरिन टेस्टमध्ये येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

खाऊ नका, आणि जॉइनिंगच्या बॅगेत तर मुळीच ठेवू नका. थोडे सविस्तर सांगतो.

एचएचसी म्हणजे हेक्झाहायड्रोकॅनाबिनॉल. झाडात ते लेशमात्र असते, त्यामुळे बाजारात येणारे जवळपास सगळे एचएचसी कारखान्यात तयार होते. हेम्पच्या, म्हणजे गांजाच्याच पण कमी नशेच्या जातीच्या झाडातून आधी सीबीडी (नशा न आणणारा घटक) काढतात, आम्लाची क्रिया करून त्याचे टीएचसी (गांजातला नशेचा घटक, डेल्टा-९ हे त्याचे मुख्य रूप) करतात आणि त्या टीएचसीला हायड्रोजन जोडतात. तेलाचे वनस्पती तूप करताना निकेलच्या मदतीने हायड्रोजन जोडतात, तोच हा प्रकार. इथे निकेल, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम वापरतात. म्हणजे ‘हेम्पपासून’ हे शब्द खोटे नाहीत, पण ते फक्त कच्च्या मालाविषयी खरे आहेत. काजूच्या बोंडांपासून होते म्हणून फेणीला कुणी फळाचा रस म्हणत नाही.

परिणाम गांजाच्याच जातीचा असतो : नाडी वाढते, तोंड कोरडे पडते, डोळे लाल होतात, वेळेचे भान सुटते, हालचाली मंदावतात. काहींना जबर भीती आणि संशय घेरतो. घरात कुणाला मानसिक आजार असेल, तर हा धोका अधिक गंभीरपणे घ्यावा. एचएचसीची दोन रूपे असतात, ९-आर आणि ९-एस. नशा मुख्यतः ९-आरची, ९-एस फार दुबळे. दोहोंचे प्रमाण बॅचगणिक बदलते, पण पाकिटावरचे ‘२५ मिलिग्रॅम’ दोन्ही मिळून लिहिलेले असते. म्हणून एका पाकिटातली गमी सौम्य लागते आणि त्याच आकड्याची दुसरी माणसाला आडवे करते. खाल्ल्यावर परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. तासाभराने ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी खाणे ही नेहमी घडणारी चूक.

आता टेस्ट. लघवीची पहिली तपासणी अँटिबॉडीवर चालते. शरीराने टीएचसी मोडल्यावर उरणारा पदार्थ ती पकडते, आणि एचएचसी मोडल्यावर उरणारा पदार्थ त्याच्याशी इतका मिळताजुळता असतो की पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. पुढची मास स्पेक्ट्रोमीटरची खात्रीची तपासणी दोघांना वेगळे ओळखू शकते. पण त्यावर विसंबू नका. एचएचसीच्या मालात अर्धवट क्रिया झालेले डेल्टा-८ किंवा डेल्टा-९ टीएचसी बऱ्याचदा उरलेले असते, आणि मग खात्रीची तपासणीही पॉझिटिव्ह येते. टीएचसीचे अवशेष एकदाच घेतल्यास साधारण तीन दिवस आणि रोज घेणाऱ्याच्या लघवीत तीन-चार आठवडेही सापडतात. लिंबूपाणी, ताक, बाटल्या भरभरून पाणी, यांतले काही उपयोगी पडत नाही. नमुना पातळ झाला की लघवीत नेहमी असणारे क्रिएटिनीन घसरते, लॅबला ते लगेच कळते आणि नमुना पुन्हा मागितला जातो. पाकीट आधीच फोडले असेल, तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जे घेतले ते सांगा आणि खात्रीच्या तपासणीची मागणी करा.

कायद्याची बाजू त्याहून कडक आहे. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या अनुसूचीत टीएचसी आहे आणि डेल्टा-८, डेल्टा-१० ही त्याची भावंडेही आहेत. त्यामुळे ‘डेल्टा-९ शून्य’ या ओळीने काही सुटत नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त डेल्टा-९ नसलेल्या झाडाला हेम्प म्हटले, आणि ही ओळ त्या कायद्याकडे बघून छापलेली असते. आपल्याकडे तिला किंमत नाही. वजनाचेही लक्षात घ्या : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार मिश्रणात अमली पदार्थ किती हे वेगळे न काढता सगळे मिश्रण मोजले जाते. गमीतली साखर आणि जिलेटीनही तराजूत चढते. शिवाय मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने खुद्द एचएचसी १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत घातले. तुम्ही बंदराबंदरांतून फिरणार, तेव्हा प्रत्येक देशाच्या कस्टमशी गाठ आहे. हे पाकीट दुसऱ्या कुणाला देऊनही टाकू नका. देणे हाही गुन्हाच.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. गेलेल्या पाहुण्यांच्या खोलीत अशाच गमी सापडल्या. घरात चार वर्षांचा नातू आहे. चुकून खाल्ली तर काय करावे? (एक वाचक, तारकर्ली)

या प्रश्नाला आम्ही सगळ्यांत जास्त महत्त्व देतो. मोठ्या माणसाची एक मात्रा चार वर्षांच्या, चौदा-पंधरा किलोच्या पोराला फार मोठी होते, आणि गोड लागते म्हणून पोर एकीवर थांबत नाही.

तोंडात उरलेला तुकडा बोटाने काढा. ओकारी काढू नका, मिठाचे पाणी, दूध, ताक, लिंबू काही पाजू नका. मूल गुंगीत गेले की ते श्वासनळीत जाते. ‘खेळतोय की, काही झाले नाही’ म्हणून घरी वाट बघत बसणे ही मोठी चूक. लक्षणे दोन तासांनीही सुरू होतात, आणि तोपर्यंत थांबलात तर खाडीपलीकडून रुग्णालय गाठताना वेळ हातातून जातो. म्हणून खाल्ल्याचे कळताच निघा. १०८ ला फोन करा. एम्स, दिल्लीच्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. पाकीट सोबत न्या, किती गमी उरल्या ते मोजून ठेवा.

झोपेतून न उठणे, तोल जाणे, उलट्या, अंग सैल पडणे, श्वास मंद होणे, झटका ही धोक्याची लक्षणे. गुंगीतल्या मुलाला गाडीत कुशीवर ठेवा. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. डॉक्टर श्वास, साखर, नाडी बघतात, सलाइन लावतात आणि गरज पडली तर श्वासाला आधार देतात. बहुतेक मुले एका दिवसात सावरतात, पण देखरेखीखाली.

डॉक्टरांपासून लपवू नका. काय खाल्ले ते माहीत नसले, तर गुंगीतल्या मुलाला मेंदूज्वर समजून सीटी स्कॅन आणि पाठीतले पाणी काढण्यापर्यंत मजल जाते. पोलीस येतील या भीतीने एक तास घालवणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

खोली साफ करणाऱ्या बाईंना नेमकी सूचना द्या : गादीखाली, फ्रिजमध्ये, बाल्कनीत सापडलेली कोणतीही गोळी, चॉकलेट, गमी कुणी चाखायची नाही, मुलांना द्यायची नाही, उंचावर कुलपात ठेवून लगेच तुम्हाला सांगायचे. उकिरड्यावर टाकली तर कुत्री खातात. त्यांचाही तोल जातो, लघवी ठिबकते, आणि त्यांनाही पशुवैद्याकडे न्यावे लागते.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, बीपीच्या गोळ्याही आहेत. गुडघ्यांसाठी भाऊजींनी एचएचसीचे तेल आणले आहे, ‘दोन थेंब जिभेखाली’ सांगतात. द्यावे का? (एक वाचक, वेंगुर्ले)

देऊ नका. यकृतातली जी विकरे वॉरफरिन मोडतात, त्यांच्यावर सीबीडी आणि टीएचसीच्या कुळातल्या पदार्थांचा भार पडतो. वॉरफरिन रक्तात साठते, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) चढतो आणि हिरड्यांतून, लघवीतून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे म्हणजे उठून उभे राहताना बीपी खाली येते. रात्री पडवीची पायरी, पावसात शेवाळलेले अंगण, वॉरफरिन घेणारी वृद्ध व्यक्ती आणि वर गुंगी, हे सगळे एकत्र येऊ देऊ नका. थेंब आधीच दिले असतील, तर डॉक्टरांना सांगून आयएनआर लगेच तपासून घ्या.

दुकानात कायदेशीर मिळणारे हेम्प बियांचे तेल वेगळे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया, त्यांचे पीठ आणि तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली. ते चटणीत, कोशिंबिरीत घालायचे तेल आहे. गुडघेदुखीवर त्याची आशा ठेवू नये. आयुर्वेदिक परवान्यावरची विजया, म्हणजे भांगेची, औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि त्या वैद्यांनाही वॉरफरिनचे सांगावेच लागेल.

प्रश्न : तागाला इंग्रजीत सनहेम्प म्हणतात आणि अंबाडीला डेक्कन हेम्प. भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून ताग पेरतो. यात काही अडचण? (एक वाचक, चिपळूण)

काही अडचण नाही. ताग शेंगावर्गातला, अंबाडी भेंडीच्या कुळातली. दोन्हींचा गांजाच्या झाडाशी संबंध नाही, नाव केवळ वाखामुळे आले. बिनधास्त पेरा, फुलावर येताच गाडा. गुरांना मात्र तागाचे बी खाऊ देऊ नका, त्यातली अल्कलॉइड यकृताला मारक आहेत.

प्रश्न : गमीऐवजी एचएचसीचे पेन (ई-सिगारेटसारखे वाफ ओढायचे उपकरण) ओढले तर निदान पोटाला त्रास नाही, असे मुलगा म्हणतो. (एक वाचक, दापोली)

पेन अधिक वाईट. क्रियेत वापरलेला पॅलेडियम नीट गाळला नाही तर मालात राहतो. औषधांच्या आंतरराष्ट्रीय निकषांत तोंडावाटे पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे आणि श्वासावाटे फक्त १. फुप्फुस किती नाजूक आहे ते या आकड्यांवरून कळावे. ‘एचएचसी-ओ’ लिहिलेले पेन तर हातातही धरू नये. ते ॲसिटेट असते, आणि अशी ॲसिटेटे फार तापली की फुप्फुस जाळणारा कीटीन वायू तयार होऊ शकतो. अमेरिकेत २०१९-२० मध्ये व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेल्या टीएचसी पेनांनी फुप्फुसे निकामी होऊन माणसे दगावली. शिवाय २०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात निकोटिन असो वा नसो, असे उपकरण बनवणे, आणणे, विकणे, साठवणे, सगळेच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्यात विक्रीला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुलगा रोज ओढत असेल, तर आरडाओरडा न करता १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा. थोड्या प्रमाणात बाळगणाऱ्या किंवा सेवन करणाऱ्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर एनडीपीएसच्या कलम ६४-अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. बंद केल्यावर पहिला आठवडा जड जातो : झोप येत नाही, चिडचिड होते, जेवण जात नाही, रात्री घाम फुटतो. बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत उतार पडतो. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नका, आणि भुकेपोटी जे मागेल ते खायला द्या.