किरीट थंड होतो की निवतो?

सोलापूरच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलंय: सूर्याच्या किरीटातला, म्हणजे कोरोना या सगळ्यात बाहेरच्या वातावरणातला, प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) कसा तापतो आणि उतरतो याचं गणिती प्रारूप मराठीत समजावताना ‘प्लाझ्मा थंड होतो’ असं लिहिलं, तर वर्गातले हसले. 20 लाख अंशांवरून 10 लाखांवर आलेलं थंड कसं? मग ‘शीतलन’ लिहू का?

‘निवतो’ लिहा.

थंड, गार या अवस्था झाल्या. निवणं ही उतरण आहे. कुठवर उतरलं ते ती सांगत नाही. चहा गार झाला म्हणजे वाया गेला, निवला म्हणजे पिण्याजोगा झाला. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. वाफ उठते, मातकट वास सुटतो, आणि तासाभराने कुणीतरी तळवा टेकवून सांगतं, ‘निवली, आणा गाद्या.’ फरशी तेव्हाही कोमटच असते. गार झाली असं कुणी म्हणत नाही.

किरीटातल्या चुंबकी कमानीचं, म्हणजे चुंबकी क्षेत्राने धरून ठेवलेल्या प्लाझ्माच्या कमानीचं, असंच. ती तापली की उष्णता आधी वहनाने खाली वर्णगोलाकडे, म्हणजे किरीटाखालच्या थराकडे, जाते. तिथला वायू तापून वर चढतो, कमान भरत जाते. म्हणजे निवता निवता ती दाट होते! आणि प्रारणाने, म्हणजे किरणांवाटे, जाणारी उष्णता घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पुढचं निवणं प्रारणाच्या हाती जातं. 2008 साली मांडलेल्या ‘एब्टेल’ प्रारूपात अख्ख्या कमानीला सरासरी एकच तापमान, दाब आणि घनता धरून हा हिशोब करतात. काही कमानी इतक्या निवतात की त्यांतला प्लाझ्मा पावसासारखा खाली कोसळतो. तेव्हाही तो 10 हजार अंशांच्या आसपास असतो, सूर्याच्या पृष्ठभागाहून तापलेला! त्याला थंड म्हणवत नाही.

‘शीतलन’ तक्त्याच्या मथळ्यात चालेल, वाक्यात नको. त्यातही ‘शीत’ आहेच.

आणखी एक. ‘तापतो’ आणि ‘तापवतो’ यांची गल्लत करू नका. किरीट तापलेला आहे हे 1940च्या सुमारास पक्कं झालं; त्याला तापवतं कोण, बारीक बारीक स्फोट की लाटा, यावर अजून वाद आहे. इंग्रजी ‘हीटिंग’मध्ये हे दोन्ही अर्थ मिसळून जातात. एब्टेलमध्ये तापवणारी ऊर्जा आपण बाहेरून देतो, निवणं समीकरणांतून निघतं. म्हणून सरळ लिहा: ‘आम्ही कमान इतकी तापवली, मग ती अशी निवत गेली.’