एफएम ट्रान्समीटरचा पल्ला

प्रश्न : एमपीथ्री प्लेयरला लावलेल्या एफएम ट्रान्समीटरची गाणी अंगणातल्या रेडिओवर येता येता खरखरतात. ट्रान्समीटरच्या आत शक्ती वाढवणारा ट्रान्झिस्टर जोडून पल्ला वाढेल का? (एक वाचक, आर्वी तालुका)

उत्तर : वाढेल, पण ते करू नका. विनापरवाना शक्ती वाढवणं बेकायदा आहे, आणि एफएम जिथे संपतं त्या १०८ मेगाहर्ट्झच्या लगेच वर विमानांच्या दिशादर्शनाचा पट्टा आहे. ट्रान्समीटरला नुसती तार डकवली तरी साध्या सर्किटची फ्रिक्वेन्सी, म्हणजे मेगाहर्ट्झचा आकडा, सरकते.

खरी सुधारणा रेडिओच्या बाजूला होते. ट्रान्समीटर ज्या मेगाहर्ट्झवर लावलाय त्या आकड्याने ७५०० ला भागा, अँटेनाची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळेल : १०० मेगाहर्ट्झला ७५, ९० ला ८३. रेडिओची अँटेना तुटली असेल तर तेवढी तांब्याची तार लावून उभी ताणा. आधी रेडिओचा काटा फिरवून रिकामी जागा शोधा आणि ट्रान्समीटर तिथेच लावा. दोन्ही बाजूंना ०.४ मेगाहर्ट्झपर्यंत स्टेशन नको. ट्रान्समीटर टिनाच्या छपराखाली, लोखंडी कपाटाजवळ ठेवू नका, अंगणाकडच्या खिडकीत ठेवा.

प्लेयर चार्जरवर असेल तर काढून बॅटरीवर ऐका. स्वस्त चार्जरची घरघर हमखास मिसळते. प्लेयरचा आवाजही थोडा उतरवा. पूर्ण ठेवला की गाणं फाटतं, आणि पल्ला कमी पडतोय असं वाटतं.