स्क्रीन सुंदर, माणूस गायब

सप्रेम नमस्कार,

ॲपच्या स्क्रीन डिझाइन करायच्या नोकरीसाठी तू तयार केलेला पोर्टफोलिओ, म्हणजे तुझ्या कामाचे नमुने, निवांत बसून पाहिला. हात चांगला आहे, रंगांची जाण आहे आणि फिग्मातल्या (स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमधल्या) फाइल्स इतक्या नीटनेटक्या आहेत की डेव्हलपर मंडळी दुवा देतील. कौतुक संपलं, आता तक्रार.

पेमेंट ॲपच्या केस स्टडीत 'रिसर्च' या मथळ्याखाली एक पर्सोना, म्हणजे नमुन्यादाखल रंगवलेली वापरकर्ती, आहे. वय 34, गृहिणी, तंत्रज्ञानाची भीती, शेजारी इंटरनेटवरून उचललेला हसरा फोटो. ही बाई तुला भेटली कुठे? मला वाटतं, भेटलीच नाही. कागदावरची बाई कधी अडत नाही, चिडत नाही, फोन मुलाच्या हातात देऊन 'तूच कर बाबा' म्हणत नाही. त्यामुळे पुढच्या सगळ्या स्क्रीन कशा बिनबोभाट पार पडल्या आहेत बघ!

खऱ्या माणसाजवळ जाऊन बस आणि गप्प राहा. गप्प राहणं फार जड जातं, आधीच सांगते. 'डिझाइन आवडलं का?' असं आपल्याकडे विचारायचंच नाही. घरी आलेल्या पोराला नाराज कोण करणार? 'छान आहे हो' म्हणतील आणि चहा टाकतील. त्याऐवजी काम द्यायचं: 'तुमच्या बहिणीला पाचशे रुपये पाठवायचेत, कसे पाठवाल?' मग अंगठा कुठे घुटमळतो ते पाहायचं. 'हे दाबू का?' असं विचारलं तर 'तुम्हाला काय वाटतं?' एवढंच म्हणायचं. अडल्यावर लोक स्वतःलाच बोल लावतात, 'मला नाही बाई जमत यातलं'. हे वाक्य आलं की वहीत वेळ आणि स्क्रीन लिहून ठेव, कारण चूक बहुतेक वेळा तिथे आपली असते. माणसं ढीगभर लागत नाहीत. ॲप-वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलेला हिशोब अजून उपयोगी पडतो: पाच जणांना दाखवा, दुरुस्त करा, पुन्हा नव्या पाच जणांना दाखवा.

असं बसल्यावर काय दिसतं त्याचा एक नमुना देते. तुझ्या फ्लोमध्ये (एकामागून एक येणाऱ्या स्क्रीनमध्ये) ओटीपीची स्क्रीन म्हणजे सहा चौकोन आणि खाली उलटी मोजणी. प्रत्यक्षात आधारला जोडलेला नंबर अनेकदा नवऱ्याचा असतो आणि नवरा शेतावर किंवा कामावर. मग फोन करून आकडे विचारायचे, ते ऐकून लिहायचे, तोवर मोजणी संपते. ओटीपी त्याच फोनवर आला तरी मेसेज बघायला बऱ्याचदा ॲपमधून बाहेर पडावं लागतं. कमी मेमरीच्या स्वस्त फोनवर परत यावं तर ॲप पहिल्यापासून सुरू होतं आणि भरलेला फॉर्म कोरा. यावर चौकोनांचा रंग बदलून काय होणार? भरलेली माहिती जपून ठेवणं, वेळ वाढवणं, ओटीपीचे आकडे कॉल करून ऐकवण्याची सोय ही इथली खरी दुरुस्ती. त्यासाठी बॅकएंडवाल्याशी (ॲपच्या पडद्यामागचं काम बघणाऱ्याशी) आणि सिक्युरिटीवाल्याशी भांडावं लागेल. भांड. तो तुझ्या कामाचाच भाग आहे.

कधीकधी तर गोष्ट काढूनच टाकावी लागते. युपीआयमधली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय, आठव. भामटा सांगायचा, 'पैसे पाठवतोय, रिक्वेस्ट स्वीकारा, पिन टाका', आणि माणूस पिन टाकून स्वतःचेच पैसे घालवून बसायचा. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे ॲपवाले सांगत राहिले, पण घाईतला माणूस इशारा वाचत नाही. शेवटी व्यक्तीने व्यक्तीकडे पाठवायची ही रिक्वेस्ट युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर 2025 पासून बंदच केली. असे निर्णय फिग्मात होत नाहीत, मीटिंगमध्ये होतात. तिथे तोंड उघडायला शिक.

आता एक किरकोळ वाटेल अशी पण मला छळणारी गोष्ट. तुझ्या मराठी स्क्रीन इंग्रजी साच्यात ओतलेल्या आहेत. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाची, म्हणून वरचे रफार-वेलांट्या छाटल्या गेल्यात आणि खालचे उकार पुढच्या ओळीवर आपटतायत. मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलंस, तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे झाले. देवनागरीत कॅपिटल नाहीत, मथळा उठून दिसायला वजन आणि आकारच वापरावा लागतो. शिवाय पानाची भाषा मराठी अशी नोंदवली नाही, तर बऱ्याच फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या वाचकाला ते खटकतं, जरी नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता आलं नाही तरी.

नोकरीत एक दिवस तुला सांगितलं जाईल, 'रद्द करा' बटण फिकट कर, किंवा विम्याच्या चौकटीत आधीच टिक टाकून ठेव. तेव्हा नीतिमत्तेचं भाषण देऊ नकोस, कोणी ऐकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे 13 प्रकार नोंदवलेत. त्यातला लागू पडणारा प्रकार ईमेलमध्ये लिही आणि लीगलला सीसी कर. बऱ्याचदा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला, तर ही जागा आपली नव्हे असं समजून बाहेर बघायला लाग.

एआयने स्क्रीन बनवण्याबद्दल विचारलं होतंस. बनवू दे की. बनवलेली स्क्रीन कोणाच्या हातात अडते, हे पाहायला तुलाच जावं लागणार.

पोर्टफोलिओ महिन्याभराने पुन्हा पाठव. निम्म्या स्क्रीन काढल्यास तरी चालेल. त्या जागी परवानगी घेऊन केलेलं एखादं रेकॉर्डिंग, तुझ्या वहीतल्या नोंदी आणि त्यामुळे काय बदललं ते येऊ दे.

कळावे,
तुझी हितचिंतक

ता. क. – महागड्या बूटकॅम्पची (झटपट अभ्यासक्रमाची) फी भरण्याआधी सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन बघ. आयआयटी मुंबई ती घेते आणि तिच्या गुणांवर एम. डेस.साठी (डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी) अर्ज करता येतो. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात.